चुलीमागचा हात

बू छांगशिक कुणाच्याही घरात शिरला की आधी माणसांकडे बघत नसे, भिंतीकडे बघत असे, आणि बघून झालं की नाक मुरडत असे. "हे कुणी केलंय?" असं विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायचा. दगडाचा कोपरा कसा फिरवलाय, सांधीत चिपा कुठून ठोकल्यात, मातीवर तळवा कोणत्या अंगाला ओढलाय, एवढ्यावरून तो गवंड्याचं नाव ओळखे, आणि नावापाठोपाठ त्याची अक्कल काढे. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यानं दुसऱ्याच्या हातची एकच भिंत चांगली म्हटली होती. ती एका मेलेल्या माणसाची होती, आणि त्या माणसाचा धिप्पाड मुलगा तेव्हा शेजारी उभा होता.

गावात त्याला मान होता. कामाला तो पक्का होता, हे त्याच्यावर खार खाणारेही कबूल करत. जेजू बेटाच्या पूर्वेकडचा वारा चांगल्या चांगल्या भिंती आडव्या करतो. छांगशिकची एकही पडली नव्हती. पण हे तो दुसऱ्या कुणाला सांगूच देत नसे, आधीच स्वतः सांगून मोकळा होई.

नोव्हेंबरात कांग ओक्ही गावात परत आली. समुद्रापलीकडे पुसानला एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं भाताची पातेली उचलून तिच्या खांद्यांचं वाटोळं झालं होतं. नवऱ्याशी कधीच फाटलं होतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घर बंद होतं. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी बापाच्या घरात राहायचं, ओसरीत चार टेबलं टाकून डुकराच्या रश्श्यातल्या शेवया विकायच्या, असा तिचा बेत होता. तिनं छांगशिकला बोलावलं.

छांगशिक अंगणात उभा राहिला. पत्रा गंजलेला, एका अंगाला वाशांनी मान टाकलेली, ओसरीच्या फळ्यांना वाळवी. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"पत्रा कुणी मारला हा? त्या ह्यॉननं ना? खिळे बघ. खिळे मारलेत की वाटाणे फेकलेत?"

"सामचुन, पत्रा जाऊ दे, सगळाच काढायचाय," ओक्ही म्हणाली. त्या गावात वडीलधारं माणूस बाई असो की बुवा, सगळ्यांनाच सामचुन म्हणतात. नात्याची चौकशी कोणी करत बसत नाही. "थंडीभर काम करा. आणि जानेवारीअखेरच्या त्या आठ दिवसांत स्वयंपाकघर. चूल काढायची, ओटा नि गॅस घालायचा. एक तारखेला मी राहायला येणार."

चुलीचं नाव निघाल्यावर छांगशिकनं पुन्हा पत्र्याकडे बघितलं.

"चूल कशाला काढतेस? पलीकडचे लोक असली चूल बघायला विमानानं येतात. फोटो काढतील, शेवया खातील."

"फोटो काढतील आणि धुरानं माझे डोळे जातील. नको. काढायची."

"बघू पुढं," छांगशिक म्हणाला. हे दोन शब्द तो एरवी वापरत नसे. तो लगेच 'होईल' म्हणे किंवा लगेच 'तुला कळत नाही' म्हणे.

आता त्या चुलीचं सांगायला हवं, नाहीतर छांगशिकच्या थोरवीला अर्थ राहणार नाही.

चौतीस वर्षांपूर्वी गावात गवंडी म्हणजे एकच, यांग मानहो. छांगशिक त्याच्या हाताखाली होता. एकोणतीस वर्षांचा घोडा, लग्न झालेलं, एक मूल, आणि लोक हाक मारत 'यांगचा माणूस'. "गवंडी कुठंय?" असं कुणी विचारलं की छांगशिक उभा असला तरी विचारणारा त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघे. हे त्याला जिव्हारी लागत असे. मानहोला उजव्या हाताची करंगळी नव्हती, पोरपणी बोटीच्या दोरखंडात गेली होती. त्याच्या गिलाव्यावर चार बोटांचे चार ओघळ उठत. या चार बोटांच्या माणसाला गवंडी म्हणतात आणि आपल्या पाच बोटांना कुणी विचारत नाही, हा छांगशिकचा रोजचा घास होता.

त्या वर्षी सिंगुगानात दोघांनी कांगांच्या, म्हणजे ओक्हीच्या बापाच्या, स्वयंपाकघराची भिंत दुरुस्त केली. तिथली चूलही मानहोनंच मांडलेली. सिंगुगान म्हणजे जानेवारीच्या पंचवीस तारखेपासूनचे आठ दिवस. घराघरांतल्या देवांच्या बदल्या तेव्हाच होतात. जुने वर हजेरी लावायला गेलेले, नवे अजून रुजू झालेले नाहीत. घर बदला, संडास पाडा, चूल हलवा, बघायला कुणी नसतं. एक फेब्रुवारी उलटली की नवे देव जागेवर बसतात, आणि त्यात चुलीची देवी सगळ्यांत खाष्ट. बेटावरच्या माणसाला पोटदुखी झाली तरी तो आधी आठवतो, मागच्या वर्षी अवेळी कुठं खिळा तर ठोकला नाही ना.

काम एक तारखेला संपलं. चार तारखेला कांगची बायको येऊन म्हणाली, चुलीमागून धूर अजून आतल्या खोलीत जातोय, आणि आत माझा नवरा आजारी आहे. मानहो म्हणाला, "आता हात लावायचा नाही. पुढच्या थंडीत बघू. तोवर ओलं पोतं टांगा." छांगशिकला या भित्रेपणाचा असा काही तिटकारा आला की दुसऱ्या दिवशी कांगची बायको मुळ्याच्या शेतात गेलेली बघून तो एकटाच गेला. चुलीमागचे तीन दगड काढले, भेगेत माती दाबली, तळव्यानं सारवली, दगड जागच्या जागी बसवले. तासाभराचं काम होतं. आतल्या खोलीतून कांगनं विचारलं, "कोण आहे?"

"गवंडी," छांगशिक म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हे म्हणाला होता, आणि म्हणताना त्याच्या छातीत हवा भरली होती.

धूर थांबला. एप्रिलात कांग मेला. त्याची बायको रडताना म्हणाली, "अवेळी चुलीला हात लागला. मी शेतावरून आले तर हे म्हणाले, गवंडी येऊन गेला." आणि गवंडी म्हणजे गावात एकच होता.

कांगच्या दिवसांच्या जेवणाला मानहो एकदाच म्हणाला, "मी आलो नव्हतो." आणि त्यानं छांगशिककडे बघितलं. छांगशिक तेव्हा वाडग्यातलं हाड चोखत होता. ते हाड त्यानं फार मन लावून चोखलं. त्यानंतर मानहोला कुणी घराला हात लावू दिला नाही. त्यानं थापी ठेवली आणि गाजरं लावली. गावाला गवंडी हवाच होता, तो छांगशिक झाला.

इथवर मानलं तर ही भित्र्या माणसाची साधी गोष्ट झाली. पण छांगशिकला नुसतं गप्प बसून चाललं नाही. गप्प बसलेल्या माणसाकडे लोक केव्हातरी बघतात, म्हणून तो बोलत राहिला. लग्न असो, श्राद्ध असो, दोन पेले पोटात गेले की तो उजव्या हाताची करंगळी आत मुडपायचा, उरलेली चार बोटं हवेतल्या हवेत फिरवायचा आणि घाबरट आवाज काढायचा, "अगं बाई, थोडी माती लावतो, देवाला सांगू नकोस हं!" लोक हसून लोळत. 'चारबोट्या' हे नाव त्यानंच पाडलं. तीसेक वर्षं ही नक्कल चालली, आणि करता करता त्याचं स्वतःचंच असं मत बनत गेलं की मानहो खरोखर हलका माणूस आहे. फक्त चुलीची आठवण निघाली की ते मत डळमळायचं. कारण तीन दगडांमागे माती होती, मातीवर हात होता, आणि त्या हाताला बोटं पाच होती.

तर काम सुरू झालं. डिसेंबरात गाव संत्री तोडायला बागांत जातं, त्यामुळे माणूस मिळेना. छांगशिकनं एकट्यानंच पत्रा उतरवला आणि प्रत्येक पत्र्यागणिक ह्यॉनच्या सात पिढ्या उद्धरल्या. लाद्या बसवणारा चो पलीकडचा होता, त्याला तर त्यानं माणसांतच धरलं नाही.

"हे लेव्हलचं यंत्र कशाला रे? डोळे दिलेत ना आईनं?"

"सामचुन, लाल रेघ सरळ पडते," चो म्हणाला.

"घर सरळ कुठंय? सरळ रेघ वाकड्या घराला लावशील तर घर वाकडं दिसेल की रेघ? जा, विचार तुझ्या यंत्राला."

वारा समुद्रावरून खारं पाणी घेऊन यायचा. पावसात मध्येच बर्फाचे कण यायचे, ते काळ्या दगडांच्या भोकांत साठायचे आणि दुपारी गळायचे. छांगशिक पहाटे येऊन माती तुडवायचा, पेंढा कातरून घालायचा, पोतं पांघरून ठेवायचा. कोपरे त्यानं असे बांधले की बघत राहावं. ओक्ही बघत राहायचीही. ती दुपारी कढत रस्सा आणायची, मुळा घातलेल्या कुट्टूच्या पिठाच्या पोळ्या आणायची. तो खाता खाता सांगायचा की पुसानच्या पाण्यानं तिच्या हाताची चव गेली. ती म्हणायची, "मग वाडगा रिकामा कसा झाला?"

आणि तो चुलीवर यायचा. दर चार दिवसांनी नवं कारण घेऊन. चूल काढली तर भिंत खचेल. चूल काढली तर ओल वर चढेल. ती बिडाची काईल तुझ्या आजीची, काईल हलवली तर घरातली माणसं टिकत नाहीत.

"घरात माणसं आहेतच कुठं, सामचुन? मी एकटी आहे."

"तेच म्हणतोय मी."

"तुम्ही बाकी सगळं पाडायला निघालात. ओसरीच्या फळ्या मी ठेवा म्हटलं तर तुम्ही त्या जाळून शेकलात. आणि या एका चुलीवर एवढी माया?"

छांगशिकनं माती मळायला घेतली. त्याचा बेत ठरलेला होता. चूल काढायचीच असेल तर पंचविसाला उजाडताच आपणच काढायची. कुणी यायच्या आत मागची माती पहारीनं खरवडायची आणि वर ओला गिलावा ओढून टाकायचा. अर्ध्या तासाचं काम. चौतीस वर्षांपूर्वीही तासाभरातच भागलं होतं.

पण जानेवारीच्या मध्यावर, खिडकीची चौकट बसवताना, ओक्ही सहज म्हणाली, "पंचविसाला मानहो सामचुन येतायत."

छांगशिकनं ओळंबा धरूनच विचारलं, "कशाला?"

"चूल काढायला. आईनं जाताना सांगितलं होतं. ज्यानं मांडली त्याच्याच हातानं उतरव, म्हणाली."

"तो चारबोट्या? अगं, ज्या माणसानं तुझा बाप..." तो थांबला. पुढचं वाक्य त्यानं शेकडो वेळा म्हटलं होतं, पण त्या घरात, त्या स्वयंपाकघराच्या दारात ते जिभेवर आलं नाही. मग त्यानं नेहमीचा आवाज काढला. "हे बघ, एका घरात दोन गवंडी नसतात. तो येणार असेल तर मी नाही."

"बरं," ओक्ही म्हणाली. "मग उरलेलं काम त्यांनाच विचारते. जमेल म्हणाले तर जमेल."

अशा उत्तराची छांगशिकला सवय नव्हती. तो जायला म्हणून वळला. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण गेलो तर चूल आपल्यामागे उघडेल, आणि आपण गेलो होतो हेही लोक लक्षात ठेवतील. त्यानं पुन्हा चौकट धरली. ओक्हीनं पाचर पुढे केली.

चोवीस तारखेला दुपारी ती मावशीकडे पांघरुणं आणायला गेली. घरात कुणी नव्हतं. छांगशिक पहार घेऊन स्वयंपाकघरात गेला. चूल तशीच होती, काजळीनं चकचकीत, काईल वर पालथी. तीन दगड कुठले ते त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. त्यानं पहिल्या दगडाच्या सांधीत पहारीचं टोक घातलं.

आणि त्याच्यानं ते रेटवेना. चोवीस तारीख. अजून जुने देव जागेवर होते, निघायची तयारी करत असतील, पण होते. एकोणतिसाव्या वर्षी ज्या गोष्टीवर तो थुंकला होता, तिच्यापुढे आता त्याची पहार अडली. मुलाला मागच्या वर्षी छातीचं दुखणं झालं होतं, नातवाला दमा होता. हे सगळं त्या तासाभराच्या कामाशी त्यानं मनातल्या मनात कितीदा जोडलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. दुसऱ्याला भित्रा म्हणून ज्यानं आयुष्य काढलं, तो माणूस पहार धरून उभा होता आणि त्याला स्वतःचीच शिसारी येत होती. शेवटी त्यानं पहार काढली. सांधीत एक पांढरा ओरखडा तेवढा उरला. त्यावर त्यानं थुंकी लावून काजळी चोळली.

उद्या पहाटे येईन, असं त्यानं ठरवलं. उद्या घरात देव नसतील.

पंचविसाला गावभर टेम्पो फिरत होते. फ्रिज, कपाटं, गाद्या रस्त्यावर. एकाचं घर दुसऱ्याच्या दारात. छांगशिक उजाडायच्या आधी आला. अंगणात कांगांच्या दगडी कुंपणाला टेकून एक सायकल उभी होती. आत, पालथ्या टोपलीवर, यांग मानहो बसला होता. पंचाहत्तरीचा, वाळून खारकेसारखा झालेला, बोटांच्या पेरांत गाजराच्या शेताची माती. ओक्ही त्याला चहा देत होती.

"उशीर केलास," मानहो म्हणाला.

चौतीस वर्षांत तो छांगशिकशी पहिल्यांदा बोलला, ते हे.

छांगशिक घाईनं म्हणाला, "तुझ्यानं दगड उचलवणार नाहीत. तू बस, मी काढतो. ओक्ही, तू बाहेर जा, काजळी उडेल."

"काजळीला मी भीत नाही," ओक्ही दारात उभी राहून म्हणाली.

मानहो उठला. त्यानं काईल सरकवली, पुढचे दगड एकेक करून काढले, शांतपणे, उसाची मोळी सोडावी तसे. मागच्या तीन दगडांशी आल्यावर तो थांबला. पहिल्या दगडाच्या सांधीवरून त्यानं अंगठा फिरवला, काजळीखालून उघडा पडलेला ताजा ओरखडा बघितला, आणि छांगशिककडे बघितलं. मग त्यानं तिन्ही दगड उचलून खाली ठेवले.

मागची माती आगीनं भाजून विटेसारखी झाली होती. तिच्यावर आडवा ओढलेला हात. खोल, जोरात दाबलेला, घाईतला. ओक्ही वाकली. तिनं मोजलं नाही, मोजायची गरज नव्हती. करंगळीचा ओघळ सगळ्यांत ठसठशीत उठला होता.

"मानहो सामचुन," ती म्हणाली, "ही बोटं पाच आहेत."

"मला दिसतंय."

"मग हा हात कुणाचा?"

"मला काय विचारतेस? मी गाजरवाला." मानहो पुन्हा टोपलीवर बसला आणि त्यानं गार झालेला चहा उचलला. "याला विचार. गावातली कुठलीही भिंत दाखव, कुणाचा हात ते हा सांगतो. चौतीस वर्षं सांगतोय."

छांगशिकनं भिंतीकडे बघितलं. नाक मुरडायची सवय नाकाला होती, पण नाकही हललं नाही. बाहेर कुणाचा तरी टेम्पो मागे घेत होते, "येऊ दे, येऊ दे" ओरडत होते.

"माझा," तो म्हणाला.

ओक्हीनं मानहोला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पुढच्याच वर्षी, याच दिवसांत, तुझी आई शेतावर गेली होती तेव्हा येऊन दगड काढून बघितले. लोक इतकं म्हणायला लागले होते की मलाच वाटायला लागलं, मी झोपेत तर आलो नव्हतो ना. बघितलं. परत लावून ठेवले."

"मग बोलला का नाहीत?"

"एकदा बोललो होतो. तेव्हा हा हाड चोखत होता. दुसऱ्यांदा बोलायला माझं तोंड एवढं स्वस्त नाही." मानहोनं चहाचा घोट घेतला. "आणि हा रोज माझ्या शेतावरनं जायचा, मान वर करून. मी गाजरं उपटताना बघायचो. म्हटलं, बघा, एवढं पाठीवर घेऊन चाललाय नि मान तरी खाली येतेय का. एवढी करमणूक मला फुकट कोण देणार होतं?"

"दादा," छांगशिक म्हणाला. तरुणपणी तो त्याला दादा म्हणे.

"दादा म्हणू नकोस. चारबोट्या म्हण. त्याची सवय झालीय मला."

छांगशिक ओक्हीकडे वळला. तिनं शिव्या द्याव्यात, रडावं, पहार उगारावी, असं त्याला फार वाटलं. "तुझ्या बापाचं..." तो म्हणाला.

"बाबांच्या पोटात गाठ होती," ओक्ही म्हणाली. "आदल्या शरदातच डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई आधी चुलीला बोल लावून रडली, पण मग तिलाही कळत होतं. गावाला चूल बरी वाटली. चुलीचं मला काही नाही, सामचुन." ती थांबली, आणि तिचा आवाज खाली आला. "पण आईच्या श्राद्धाला, या अंगणात, माझ्या हातचं खाऊन तुम्ही करंगळी मुडपून नक्कल केलीत. मी वाढत होते. मीसुद्धा हसले होते. त्याचं काय करू मी?"

इतकी वर्षं तो देवाच्या कोपाला भ्यायला होता, आणि ओक्हीला त्या तासाभराच्या कामाचं काहीच नव्हतं. तिला होतं ते बाकीच्या चौतीस वर्षांचं, जे त्यानं राजीखुशीनं, भर पंक्तीत केलं होतं.

त्यानं पोत्याखालची माती ओढली आणि थापी उचलली. निदान झाकून टाकू, एवढंच त्याला सुचलं.

"तेवढं सोडा," ओक्ही म्हणाली. "बाकी सगळी भिंत करा. तो हात राहू दे."

सात दिवस छांगशिकनं काम केलं. मानहो रोज सायकलवरून यायचा, टोपलीवर बसायचा, कशालाही हात लावायचा नाही. चोनं ओट्याच्या लाद्या लावल्या, लाल रेघ मारून, आणि त्याला पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. तो बिचारा दोनदा विचारून गेला, काही चुकलंय का म्हणून. पांढऱ्या गिलाव्याच्या मधोमध, ओट्याच्या वर, हातभर जागा काळी राहिली.

एक तारखेला ओक्ही राहायला आली. गाव जेवायला आलं. शेवयांच्या पातेल्यातून वाफ येत होती, पानांवर डुकराचे काप होते, आणि लोक नवी खिडकी, नवी ओसरी, सरळ झालेले वासे बघत हिंडत होते. घर झालं की पहिला वाडगा गवंड्याचा. ओक्ही वाडगा भरून दारात आली तेव्हा छांगशिकचा हात सवयीनं पुढे झाला. ती त्याच्यावरून पुढे गेली आणि तिनं वाडगा मानहोपुढे ठेवला. पंगतीत कुजबुज झाली.

तेवढ्यात पत्रेवाला ह्यॉन स्वयंपाकघरातून आला. "ओक्ही, सगळं झकास झालंय, पण ओट्यावर मध्येच एवढी जागा का सोडलीय? तिथं कुणाचा तरी हात उठलाय." आणि तो हसून छांगशिककडे वळला. थंडीभर शिव्या खाल्लेला माणूस होता, त्याला वाटलं आता बाजू बदलून घ्यावी. "काय छांगशिक सामचुन, कुणा गाढवाची करणी? तुम्ही तर बघताक्षणी सांगता. करंगळी मुडपून दाखवा की एकदा!"

लोक आधीच हसायला लागले होते. नक्कल सगळ्यांना पाठ होती.

छांगशिक उभा राहिला. उजवा हात त्यानं वर केला, आणि पाचही बोटं उघडी ठेवली.

"त्या वर्षी गवंडी येऊन गेला म्हणत होते ना," तो म्हणाला, "तो मी."

हसू एका टोकाकडून बंद होत दुसऱ्या टोकाला गेलं. कुणी वाडग्यातून मान वर करेना. पंगतीत बरीच माणसं हाडं चोखायला लागली, फार मन लावून. हात खाली घ्यायचा असतो हे छांगशिकच्या ध्यानात राहिलं नाही.

मानहोनं शेवयांचा घास संपवला, तोंड पुसलं.

"मातीसुद्धा पातळ होती," तो म्हणाला.